रिफाम्पिसिन आणि त्याचे सोबती

औषधाची गोळी पोटात गेली म्हणजे ती आपल्या ठरलेल्या जागी जाऊन आपले ठरलेले काम करते, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. गोळी पोटात पोहोचते त्या वेळी तेथे अन्न असते, आम्ल असते, कधी दुसऱ्या औषधांचे कणही असतात. पुढे ती रक्तात मिसळते. त्या रक्तात मधुमेहाचे, हृदयविकाराचे किंवा अपस्माराचे औषध आधीपासूनच फिरत असते. त्यानंतर तिला यकृतातून जावे लागते, आणि ते यकृत निरोगी असेलच असे नाही. या प्रवासात औषधाचा अन्नाशी, इतर औषधांशी आणि शरीराच्या प्रकृतीशी जो संबंध येतो, त्यातून होणाऱ्या बऱ्यावाईट परिणामांना परस्परक्रिया म्हणतात.

सर्वच औषधांच्या बाबतीत परस्परक्रिया संभवतात. परंतु त्यांचे स्वरूप नीट समजून घ्यावयाचे असेल, तर एकच औषध निवडून त्याचा मागोवा घेणे अधिक सोयीचे ठरते. प्रतिजैविकांमध्ये अशा अभ्यासाला रिफाम्पिसिनइतके योग्य दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत, आणि क्षयावरील नेहमीच्या उपचाराचा रिफाम्पिसिन हा कणा आहे. ते चारआठ दिवस नव्हे, तर किमान सहा महिने घ्यावे लागते. शिवाय, आपल्यासोबत येणाऱ्या इतर औषधांचे भवितव्य इतक्या मोठ्या प्रमाणावर बदलून टाकणारे दुसरे प्रतिजैविक नाही.

मातीतून मिळालेले औषध

१९५७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पाइन वृक्षांच्या एका वनातून मातीचा नमुना इटलीतील मिलान येथील लेपेटीत कंपनीच्या प्रयोगशाळेत आला. पिएरो सेन्सी आणि त्यांचे सहकारी मातीतील सूक्ष्मजीवांपासून नवी प्रतिजैविके शोधण्याच्या कामात गुंतलेले होते. या नमुन्यातील एका सूक्ष्मजीवापासून त्यांना काही नवे पदार्थ मिळाले. त्या काळी ‘रिफिफी’ नावाचा एक फ्रेंच चित्रपट लोकप्रिय झालेला होता. संशोधकांनी गमतीने त्याचेच नाव या पदार्थांना दिले आणि पुढे तेच ‘रिफामायसिन’ या रूपात रूढ झाले.

हे मूळ पदार्थ तोंडाने घेतल्यास फारसे उपयोगी पडत नसत. पुष्कळ रासायनिक फेरफारांनंतर १९६० च्या दशकाच्या मध्यास रिफाम्पिसिन तयार झाले. ते पोटातून चांगले शोषले जाई आणि क्षयाच्या जंतूंवर अत्यंत प्रभावी ठरे. जंतूच्या पेशीत आनुवंशिक आज्ञांची नक्कल करणारे एक एंझाइम असते. रिफाम्पिसिन त्याला घट्ट चिकटते; नक्कल थांबते, प्रथिने तयार होत नाहीत आणि जंतू मरतो.

क्षयाच्या उपचारावर या औषधाचा झालेला परिणाम समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग रासायनिक उपचार केंद्र स्थापन झाले. या केंद्राने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने असे दाखवून दिले, की गरीब वस्तीत स्वतःच्या घरी राहून औषधे घेणारा रुग्ण आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णाइतकाच बरा होऊ शकतो. आरोग्यधामांचे युग येथून मावळू लागले. परंतु त्या वेळच्या औषधांनी उपचार वर्ष-दीड वर्ष चालवावा लागे, आणि इतका काळ चिकाटी टिकवणे पुष्कळांना जमत नसे. १९७० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत आणि अन्यत्र झालेल्या चाचण्यांनी रिफाम्पिसिनच्या साहाय्याने ही मुदत सहा महिन्यांपर्यंत खाली आणता येते, असे सिद्ध केले. आज भारतात नेहमीच्या क्षयरुग्णाला पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व एथॅम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे देण्यात येतात.

म्हणजे क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन एकटे दिले जात नाही. एकटे दिल्यास त्याला दाद न देणारे जंतू लवकरच माजतात. सोबत्यांशिवाय त्याला चालत नाही. आणि नको असलेल्या सोबत्यांशी मात्र त्याचे पटत नाही.

यकृताच्या कारखान्यात

शरीरात आलेला परका पदार्थ शक्य तितक्या लवकर बाहेर घालवावा, असा शरीराचा प्रयत्न असतो. हे काम मुख्यतः यकृत करते. यकृतातील पेशींमध्ये एंझाइमांचे एक मोठे कुटुंब असते. ही एंझाइमे औषधाच्या रेणूत असे बदल घडवून आणतात, की तो मूत्र किंवा पित्त यांच्या वाटे सहज बाहेर पडावा. कोणत्या औषधाची किती मात्रा आणि किती वेळा द्यावयाची, हे वैद्यकशास्त्राने या कामाचा सर्वसाधारण वेग गृहीत धरूनच ठरविलेले असते.

काही औषधे या एंझाइमांचे काम रोखतात. तसे झाले, की इतर औषधे रक्तात साचतात आणि विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. रिफाम्पिसिन याच्या उलट वागते. ते यकृताकडून अधिक एंझाइमे तयार करवून घेते. एका पाळीत चालणारा कारखाना तीन पाळ्यांत चालू लागावा, तसा हा प्रकार होतो. मग इतर औषधे ठरलेल्या वेळेपूर्वीच नष्ट होतात. रुग्ण गोळी नियमित घेत असतो, परंतु तिचा रक्तातील अंश इतका घटतो, की ती घेतली काय नि न घेतली काय, सारखेच.

असे का होते, याचा उलगडा १९९८ साली झाला. पेशीमध्ये एक ग्राही प्रथिन असते. शरीरात परका पदार्थ शिरला आहे, हे ओळखून सफाईची आज्ञा देणे हे त्याचे काम. रिफाम्पिसिनचा रेणू या ग्राहीवर नेमका बसतो आणि सफाईची आज्ञा सारखी सुटत राहते. आतड्याच्या अस्तरातील पेशींवरही हाच परिणाम होतो. त्यामुळे पुष्कळशी औषधे रक्तात पोहोचण्यापूर्वीच परतवली जातात. स्वतः रिफाम्पिसिनही यातून सुटत नाही. उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत त्याचा रक्तातील मुक्कामही कमी होतो.

या क्रियेचे कालमान लक्षात ठेवण्याजोगे आहे. एंझाइमे एका दिवसात वाढत नाहीत. रिफाम्पिसिन सुरू केल्यावर ती वाढू लागतात आणि पूर्ण वाढ होण्यास साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात. औषध थांबविल्यावर ती पूर्वपदावर येण्यासही सुमारे दोन आठवडे किंवा थोडे अधिक दिवस जावे लागतात. म्हणून धोक्याचे प्रसंग दोन असतात : एक उपचाराच्या आरंभी आणि दुसरा उपचार संपल्यानंतर. पहिल्याकडे लक्ष देणारे पुष्कळ असतात. दुसरा मात्र वारंवार विसरला जातो.

इतर औषधांची वाताहत

या परस्परक्रियेची पहिली ठळक जाणीव १९७० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत झाली. क्षयाचा उपचार घेणाऱ्या ज्या स्त्रिया संततिनियमनाच्या गोळ्याही घेत होत्या, त्यांच्यापैकी पुष्कळींची मासिक पाळी अनियमित झाल्याचे डॉक्टरांना आढळले. काहींना गर्भही राहिला. या गोळ्यांतील संप्रेरके रिफाम्पिसिनमुळे झपाट्याने नष्ट होत होती. भारतातही ‘माला-एन’ किंवा तत्सम गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला क्षयाचा उपचार सुरू होताच दुसरा उपाय सुचविणे अगत्याचे असते. तांबीवर रिफाम्पिसिनचा काहीच परिणाम होत नाही. तीन महिन्यांतून एकदा घ्यावयाच्या, ‘अंतरा’ या नावाने सरकारी केंद्रांत मिळणाऱ्या इंजेक्शनचाही प्रभाव टिकून राहतो. गोळ्यांवरच अवलंबून असलेल्या स्त्रीने क्षयाचा उपचार संपल्यानंतरही सुमारे चार आठवडे दुसरी काळजी घ्यावयास हवी. सर्वच प्रतिजैविकांमुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात, असा एक समज प्रचलित आहे. अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या प्रतिजैविकांच्या बाबतीत त्याला आधार मिळालेला नाही. रिफाम्पिसिन आणि त्याची भावंडे हाच येथे खरा अपवाद आहे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. संधिवाताच्या ज्वराने हृदयाच्या झडपा खराब झालेले रुग्ण भारतात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप बसविलेली असते, त्यांना रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिन किंवा त्याच वर्गातील औषध जन्मभर घ्यावे लागते. अशा रुग्णाला क्षय झाला, की रिफाम्पिसिनमुळे वॉरफॅरिन लवकर नष्ट होऊ लागते आणि झडपेवर रक्ताची गुठळी होण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून रक्त गोठण्याची चाचणी वारंवार करून वॉरफॅरिनची मात्रा वाढवावी लागते. कित्येकदा ती दुपटीहूनही अधिक होते. सहा महिन्यांनी क्षय बरा होतो, रुग्ण आनंदात घरी जातो आणि वाढविलेली मात्रा तशीच चालू ठेवतो. इकडे यकृतातील एंझाइमे हळूहळू पूर्वीच्या पातळीवर येत असतात. वॉरफॅरिन रक्तात साचू लागते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हिरड्यांतून, आतड्यांतून, क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. क्षयातून वाचलेला रुग्ण क्षयाचे औषध थांबल्यामुळे संकटात यावा, ही गोष्ट चमत्कारिक वाटते. पण ती रोखण्यास उपचाराच्या अखेरीस काही चाचण्या आणि थोडी दक्षता पुरेशी असते.

मधुमेह आणि क्षय यांची जोडी भारतात विशेष महत्त्वाची आहे. मधुमेही माणसाला क्षय होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट-तिप्पट असते. क्षयाच्या तापाने रक्तातील साखर आधीच वाढलेली असते. त्यात ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्यांचा प्रभाव रिफाम्पिसिनमुळे मंदावतो. आपले पथ्य बिघडले असावे, असे रुग्णाला वाटत राहते आणि तो स्वतःला दोष देतो. मेटफॉर्मिनचा प्रभाव याप्रमाणे घटत नाही, आणि इन्सुलिन यकृतातील या एंझाइमांच्या कक्षेबाहेर असल्यामुळे अनेकदा तेच सोयीचे ठरते.

मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींची गोष्ट तर वैद्यकाच्या इतिहासाशी निगडित आहे. टॉमस ॲडिसन या इंग्रज वैद्याने १८५५ साली या ग्रंथी निकामी झाल्याने होणाऱ्या विकाराचे वर्णन केले. त्याने पाहिलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत हा नाश क्षयामुळेच झालेला होता. भारतात आजही असे रुग्ण आढळतात. या ग्रंथींचे संप्रेरक बाहेरून गोळीच्या रूपाने घेतले, तरच त्यांचा जीव टिकतो. रिफाम्पिसिन त्या संप्रेरकाचाही फडशा पाडते. मात्रा वेळीच वाढविली नाही, तर रक्तदाब एकाएकी उतरून रुग्ण दगावू शकतो. क्षयामुळे झालेल्या मस्तिष्कावरणदाहात दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड औषधांच्या मात्रेचा विचार करतानाही ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

मूत्रपिंडाचे रोपण केलेल्या रुग्णात शरीराने ते परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस दिलेले असते. रिफाम्पिसिनमुळे त्यांची पातळी इतकी घसरते, की मोठ्या प्रयासाने मिळविलेले मूत्रपिंड गमावण्याची पाळी येते. एचआयव्हीचा संसर्ग झालेल्यांना क्षय होण्याचे प्रमाण फार मोठे असते. त्यांना द्यावयाच्या औषधांपैकी प्रोटिएझरोधक औषधे रिफाम्पिसिनसोबत जवळजवळ निरुपयोगी होतात. अशा वेळी रिफाम्पिसिनऐवजी त्याच कुळातील, परंतु एंझाइमांना कमी उत्तेजित करणारे रिफाब्युटिन निवडले जाते. डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध मात्र दिवसातून एकदा देण्याऐवजी दोनदा दिले, की पुरेसे पडते. अडचण आधी माहीत असली, की तिच्यावर मार्गही काढता येतो, हे यावरून दिसून येईल.

अपस्माराच्या फेनिटॉइनच्या बाबतीत एक निराळाच पेच उद्भवतो. रिफाम्पिसिन त्याचा नाश वाढविते, तर त्याचाच सोबती असलेले आयसोनियाझिड तो नाश रोखते. एकाच रुग्णात दोन औषधे दोन दिशांनी ओढ लावतात. बहुधा रिफाम्पिसिनची ओढ अधिक असते; तरीही नक्की काय घडले आहे, हे रक्तातील पातळी मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

पोटातील अन्नाचा वाटा

रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणापूर्वी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावे, असा नियम आहे. स्निग्ध पदार्थांनी युक्त भरपेट जेवणाबरोबर ते घेतले, तर रक्तातील त्याची सर्वोच्च पातळी सुमारे एक तृतीयांशाने कमी होते आणि ती गाठण्यास वेळही अधिक लागतो. जंतूंना मारण्याची या औषधाची शक्ती बऱ्याच अंशी त्या सर्वोच्च पातळीवर अवलंबून असते. आम्लपित्तावरील ॲल्युमिनियमयुक्त औषधांनीही त्याचे शोषण कमी होते. तथापि नियम माणसासाठी असतो. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्याने ज्याला उलट्याच होतात, त्याने उपचार सोडून देण्यापेक्षा हलक्या न्याहारीबरोबर गोळ्या घेणे केव्हाही श्रेयस्कर. मात्र हा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावा.

अन्नाचा अडथळा प्रत्येक प्रतिजैविकाच्या बाबतीत सारखा नसतो. टेट्रासायक्लिन दुधातील कॅल्शियमशी संयोग पावते आणि शोषले न जाताच बाहेर पडते. म्हणून ते दुधाबरोबर घेऊ नये. रिफाम्पिसिनला दुधाचे असे विशेष वावडे नाही. एका औषधाचे पथ्य दुसऱ्याला लावणे ही सर्रास होणारी चूक होय.

या संदर्भात स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात घडलेला प्रसंग उद्बोधक आहे. पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल हे क्षयावरील जुने औषध रिफाम्पिसिनसोबत दिले असता रिफाम्पिसिनची रक्तातील पातळी घटते, असे दिसून आले. दोष जुन्या औषधाला देण्यात आला. पुढे कसून शोध घेता असे आढळले, की ते आम्ल निर्दोष होते. त्याच्या कणिका बनविताना बेंटोनाइट नावाची एक प्रकारची माती वापरलेली होती आणि तीच रिफाम्पिसिनला आपल्याकडे शोषून घेत होती. औषधाची गोळी म्हणजे केवळ औषध नव्हे. तिच्यातील भरणाचा पदार्थही कधी कधी घात करू शकतो, हा धडा यातून मिळाला.

रिफाम्पिसिनसोबत नेहमी दिल्या जाणाऱ्या आयसोनियाझिडचे आहाराशी असलेले नातेही येथे सांगितले पाहिजे. कुपा, बांगडा यांसारखे मासे नीट थंड ठेवले नाहीत, तर त्यांच्यात हिस्टामीन नावाचा पदार्थ वाढतो. निरोगी शरीर त्याचा बऱ्याच अंशी निकाल लावते. परंतु आयसोनियाझिड त्या कामी असलेल्या एंझाइमांना अडविते. १९७७ साली श्रीलंकेतील डॉक्टरांनी असे रुग्ण वर्णिले, की ज्यांना मासे खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, छातीत धडधडणे असा त्रास झाला. कोकण, गोवा, केरळ, बंगाल यांसारख्या मत्स्याहारी प्रदेशांतील रुग्णांना ही माहिती असावी. मासे वर्ज्य करण्याचे कारण नाही, कारण क्षयरुग्णाला प्रथिनांची गरज असतेच. मासे ताजे असावेत, एवढेच. आयसोनियाझिड शरीरातील ब-६ जीवनसत्त्वाचाही ऱ्हास करते आणि त्यामुळे हातापायांना मुंग्या येऊ लागतात. या जीवनसत्त्वाच्या अगदी अल्प मात्रेने हा विकार टाळता येतो, हे मद्रासच्या वर उल्लेखिलेल्या केंद्रानेच १९६० च्या दशकात दाखवून दिले.

सर्वच परस्परक्रिया घातक असतात असे नाही. मिरी व पिंपळी यांतील पायपरीन हे द्रव्य अनेक औषधांचे शोषण वाढविते. जम्मू येथील प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी या गुणाचा अभ्यास केला, आणि कमी मात्रेतील रिफाम्पिसिनला पायपरीनची जोड दिलेले औषध भारतात तयारही झाले. तथापि मोजून मापून तयार केलेल्या औषधातील पायपरीन वेगळे आणि स्वयंपाकघरातील मिरी वेगळी. गोळ्यांबरोबर मनानेच मिरपूड घेऊन औषधाची मात्रा कमी करू पाहणे म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळणे होय.

शरीराची प्रकृती

रिफाम्पिसिन मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडते. त्यामुळे मूत्रपिंडे दुर्बल असलेल्या रुग्णातही त्याची मात्रा सहसा कमी करावी लागत नाही. ती दक्षता एथॅम्ब्युटॉलच्या बाबतीत घ्यावी लागते. यकृताची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला इजा करू शकतात. कावीळ होऊन गेलेले, यकृत कठीण झालेले, वृद्ध आणि कुपोषित रुग्ण यांना हा धोका अधिक असतो. मद्यपान करणाऱ्याच्या यकृतावर तर दुहेरी भार पडतो. उपचाराच्या काळात मद्य पूर्णपणे वर्ज्य करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. रिफाम्पिसिन स्वतः तांबूस रंगाचे आहे. ते घेतल्यावर काही तासांतच मूत्राला नारिंगी किंवा लालसर रंग येतो. घाम, लाळ आणि अश्रू यांनाही तोच रंग चढतो. डोळ्यांत बसवावयाच्या मऊ भिंगांवर पडलेले डाग तर कायमचे राहतात. हा रंग पूर्णपणे निरुपद्रवी आहे. परंतु आधी कोणी सांगितले नसेल, तर लघवीतून रक्त जात आहे, या भीतीने रुग्ण औषध फेकून देतो. उलटपक्षी, रंगाची सवय झालेला रुग्ण खऱ्या काविळीकडे दुर्लक्ष करतो. या दोहोंतील फरक असा : औषधाच्या रंगाने लघवी लाल होते, पण भूक टिकून राहते आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होत नाही. अन्नावरची वासना उडणे, मळमळणे, थकवा वाटणे आणि डोळे पिवळे दिसणे ही यकृत बिघडल्याची चिन्हे होत. ती दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावयास हवे.

गर्भवती स्त्रीला झालेल्या क्षयावर उपचार करताना रिफाम्पिसिन दिले जाते, कारण उपचाराविना राहिलेला क्षय माता व बालक दोघांनाही अधिक घातक असतो. मात्र गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत ते चालू असेल, तर रक्त गोठण्यास लागणाऱ्या के जीवनसत्त्वाची उणीव भासून नवजात बालकात रक्तस्राव होण्याचा संभव असतो. जन्मतःच बालकाला हे जीवनसत्त्व टोचले, की तो धोका टळतो. त्यासाठी प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना मातेचा उपचार ठाऊक असणे मात्र जरूर आहे.

वेळापत्रकाचे महत्त्व

तेच औषध, तीच मात्रा. पण देण्याची रीत बदलली, की परिणामही बदलतो. कुष्ठरोगात रिफाम्पिसिन महिन्यातून एकदाच दिले जाते. महिन्याकाठी एकदा आलेल्या औषधामुळे यकृतातील एंझाइमे टिकाऊपणे वाढत नाहीत, म्हणून वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी तेथे फारशा जाणवत नाहीत. क्षयात ते रोज दिले जाते. भारतात काही वर्षे आठवड्यातून तीनदा देण्याची पद्धत होती, ती २०१७ पासून बदलून पुन्हा दैनिक मात्रा स्वीकारण्यात आली.

परंतु स्वतःच्या लहरीने कधी घेणे, कधी सोडणे ही रीत सर्वांत वाईट. मधल्या खंडात शरीर या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. मग पुन्हा गोळी घेतल्यावर थंडी, ताप, अंगदुखी होते. क्वचित रक्तातील बिंबिका नष्ट होतात किंवा मूत्रपिंडे एकाएकी बंद पडतात. दुसरा तोटा त्याहून दूरगामी आहे. अर्धवट मारलेल्या जंतूंपैकी जे उरतात, ते औषधाला दाद देईनासे होतात. अशा क्षयावर बेडाक्विलिनसारखी निराळी औषधे वापरावी लागतात; आणि गंमत अशी, की बेडाक्विलिनलाही रिफाम्पिसिनची सोबत चालत नाही, त्याची पातळी निम्म्यावर येते.

रुग्णाचे आणि डॉक्टरांचे कर्तव्य

एवढ्या परस्परक्रियांची यादी वाचून रिफाम्पिसिन हे भयंकर औषध असावे, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो सर्वस्वी चुकीचा ठरेल. या औषधाने असंख्य माणसांना मृत्यूच्या दारातून परत आणले आहे. वरील प्रत्येक अडचणीवर उपाय आहे : मात्रा वाढविणे, पर्यायी औषध निवडणे, रक्ताची तपासणी करणे किंवा केवळ जेवणाची वेळ सांभाळणे. यांपैकी बहुतेक उपाय साधे आहेत. अट एकच, की दोन्ही औषधे एकाच माणसाच्या पोटात जात आहेत, हे कोणाला तरी ठाऊक असावे.

व्यवहारात नेमके तेच घडत नाही. क्षयाच्या गोळ्या सरकारी केंद्रातून येतात, हृदयाच्या गोळ्या शहरातल्या तज्ज्ञाकडून, आम्लपित्ताचे औषध कोपऱ्यावरच्या दुकानातून आणि एखादे चूर्ण वैद्यांकडून. प्रत्येकाला आपापल्या औषधाची माहिती असते. सर्व औषधांची माहिती फक्त रुग्णाला असते, आणि त्याला ती सांगण्याजोगी वाटत नाही. संततिनियमनाच्या गोळ्या संकोचामुळे लपविल्या जातात, मद्यपान लाजेमुळे आणि क्षय तर समाजाच्या भीतीमुळे.

म्हणून क्षयाचा उपचार सुरू होताना रुग्णाने घरातील सर्व औषधे, गोळ्या, चूर्णे आणि सिरपे एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावीत. डॉक्टरांनीही प्रथम विचारावे आणि मगच लिहून द्यावे. उपचाराच्या मध्ये कोणतेही नवे औषध सुरू करण्यापूर्वी ‘क्षयाच्या गोळ्या चालू आहेत’, हे पहिले वाक्य असावे. उपचार संपला म्हणजे हीच पिशवी पुन्हा एकदा घेऊन जावी, कारण वाढविलेल्या मात्रा आता कमी करावयाच्या असतात. आणि कोणताही त्रास झाला तरी स्वतः होऊन गोळ्या बंद न करता आधी विचारावे. डोळे पिवळे दिसू लागले, तर मात्र पुढची गोळी घेण्यापूर्वीच डॉक्टरांना गाठावे. सहा महिन्यांचा हा काळ पार पडला, की रोगी निरोगी होतो. तो पार पाडण्यात औषधाच्या सामर्थ्याइतकाच या साध्या सावधगिरीचाही वाटा असतो.